सहाशे नऊ

वार्षिक अहवाल. नाव : त्सियाला बेरिद्झे.
हजेरी, वेग, नीटनेटकेपणा.
पाचपैकी गुण द्यायचे, मी.

यंदा बातुमीत समुद्राच्या काठापर्यंत बर्फ आला,
शाळा तीन दिवस बंद.
चौदा खोल्या, खोलीला सव्वीस मिनिटं,
हा हिशेब बर्फाला विचारून ठरलेला नाही.

तक्रार सहाशे नऊमधून आली.
एकटा पाहुणा, रात्री कॅसिनोत हरलेला.
चिमटीत धरून घेऊन आला खाली
आणि काउंटरवर ठेवला माझ्यापुढे :
दुधाचा दात.
उशीखाली होता म्हणे. कुणाचा?

आधी उतरलेल्या कुटुंबाचा असेल साहेब, मी म्हटलं.
आधी उतरला होता फरशांचा एक व्यापारी,
बत्तीशी शाबूत.
खोली बदलून दिली, नाश्ता फुकट लिहिला.

त्सियाला टब घासत होती, दाराकडे पाठ.
"बाचोचा कितवा पडला?"
ब्रश थांबला.
"चौथा. वरचा."
मग एकदम सगळंच :
सासू अर्धांगानं पडून,
पोराला तिच्यापाशी ठेवलं तर तो तिला ओढून उठवायला बघतो.
आई इटलीत, कुणाच्या तरी आईला न्हाऊ घालते,
पैसे धाडते, रविवारी फोनमध्ये तोंड दाखवते.
"मी आरसे पुसेपर्यंत झोपला फक्त. बूट काढून.
चादर नंतर बदलली मी. बूट काढून झोपला होता."

मी काही बोलले नाही.
माझी लेक आता माझ्याहून उंच आहे,
तरी गरम टॉवेलांचा वास आला की
भर बाजारात जांभई देते.
का, ते तिला आठवत नाही.

वेग : चार.
हजेरी : पाच. (तापातही आली होती, मीच परत पाठवली.)
नीटनेटकेपणा —
इथं पेन टेकवलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला.

घरी कोट काढताना दात हाताला लागला.
द्यायचा राहिला. तिनंही मागितला नाही.
आमच्याकडे छपरावर फेकतात,
उंदराला सांगतात, हा ने, लोखंडी आण.
मी राहते नवव्या मजल्यावर,
माझ्यावर आणखी सात.
खिडकी उघडून पाहिली, बर्फ आत आला, लावून घेतली.
मिठाच्या बशीत ठेवलाय सध्या.
उद्या तिची पहिली पाळी. माझीही.