०१/०६/१९५७

सर्व्हरकडून तारीख येते ती तारीख नसते.
अवतरणचिन्हांत झोपवलेले आठ आकडे असतात,
मध्ये दोन तिरक्या काड्या.
त्यात एक दिवस मिळवता येत नाही,
वार विचारला तर उत्तर नाही.
त्या अक्षरांची तारीख करणं हे माझं काम,
साकीनाक्याला, चौथ्या मजल्यावर,
पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यांसाठी.
टाइमझोनच्या यादीत मुंबई नसतेच,
कोलकाता निवडतो आणि पुढे जातो.

नोव्हेंबरात फोन आला, अंजिरा लक्ष्मण पवळे, भांडुप.
“साहेब, मशीन म्हणतंय मी ती नव्हेच.
माझ्या कागदावर एक जून,
तुमच्याकडं सहा जानेवारी.”

चूक पाच मिनिटांत सापडली.
लायब्ररी आधी महिना वाचते, मग दिवस.
बाराच्या पुढचा आकडा दिसला
की निमूट अदलाबदल करून घेते, कुणाला सांगत नाही.
मी चाचणीला माझाच जन्मदिवस दिला होता,
पंचवीस ऑगस्ट.

मग सगळी यादी काढून पाहिली.
एक जून. एक जून. एक जून.
मध्ये कुठे एखादा चार मार्च.
पुन्हा एक जून,
शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी
एका दमात जन्माला घातलेली माणसं,
त्यांतली निम्मी आता सांध्यांना तेल लावतात.

“झालं दुरुस्त, मावशी. एक जूनच.”
ती हसली.
“आई म्हणायची, हुरडा भाजत होतो,
संक्रांत आठवड्यावर आली होती, तवा झालीस.
मी चौतीस वर्षं आया होते, प्रसूतीच्या वॉर्डात.
लोकांच्या लेकरांची वेळ
मिनिटासकट सांगायचे सिस्टरला.
माझी कोण सांगणार?”

चौदातून आठवडा वजा केला.
बोटांवरच केला, त्याला लायब्ररी लागत नाही.
सात. फार तर सहा.

स्क्रीनवर माझी नवी ओळ होती:
आधी दिवस, मग महिना.
जुनी ओळ एका कळीच्या अंतरावर,
चुकीची, आणि त्या घरापुरती
कुणाहीपेक्षा जवळ गेलेली.

नवीच ठेवली. दाखला गेला.
“पैसे कधी पडतील?”
“सोमवारी,” म्हटलं,
आणि सोमवारी किती तारीख येते ते बघायला
भिंतीवरचं कॅलेंडर
एक पान उलटलं.