हात न टेकता

हॅलिफॅक्सला मंगळवारी साडेदहा वाजता
चर्चमागच्या हॉलमध्ये आम्ही अकराजण
एका पायावर उभे असतो.
एक हात खुर्चीच्या पाठीवर,
दुसऱ्याचं काय करावं कळत नाही म्हणून तो कमरेवर.
बेथनी घड्याळ धरते. तिचं वय सत्तावीस.
तिचे गुडघे वाजत नाहीत.

गेल्या खेपेला माझे नऊ सेकंद झाले,
डॉरीनचे अकरा.
तिची हयात गालिच्यांच्या गिरणीत गेली,
उभं राहायला तिला कुणी शिकवायला नको.
कालव्यावरचा बगळा असाच उभा असतो.
त्याला आपण ढोंगी म्हणतो,
पण त्याचे सेकंद कुणी मोजलेले नाहीत.

तुम्ही असतात तर हसला असतात.
'श्वास मोजून मिळालेत,
धापा टाकून उधळायचे कशाला?'
हे प्रवचनातलं वाक्य तुम्ही भर दवाखान्यात
डॉक्टर ओकाफोरना ऐकवलं होतंत.
त्या म्हणाल्या, मिस्टर परचुरे, रोज अर्धा तास चाला,
म्हणजे बसल्या जागी श्वास कमी लागतील.
शिल्लक वाढेल.
तुम्ही उत्तर शोधत घरी आलात.
बसनेच.

मी सव्वीस वर्षं औषधांच्या दुकानात गोळ्या मोजल्या.
माझी भक्ती आकड्यांवर.
हाडांची घनता उणे दोन पूर्णांक सात,
फ्रिजवर तक्ता, तक्त्यात बरोबरच्या खुणा.
तुम्ही म्हणायचात, देह भाड्याची खोली,
रंगरंगोटी किती करायची?
मी म्हणायचे, खोली भाड्याची असली
तरी नळ गळायला लागला की झोप आपलीच मोडते.

परवा बेथनी म्हणाली,
जमिनीवर मांडी घालून बसा
आणि हात न टेकता उठा.
हॉल एकदम गप्प.
डॉरीन बसली ती बसलीच,
हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.
बर्नार्ड रांगत जाऊन खुर्चीला बिलगला.
मी दोन्ही हात टेकले,
एक गुडघा, मग दुसरा, मग 'आई गं'.
बेथनीने सगळं लिहून घेतलं.
'आई गं'ला तिच्या कागदावर रकाना नव्हता.

आणि मला तुम्ही दिसलात.
पहाटेचे पाच, खिडकीवर बर्फाची नक्षी,
हीटर अजून लागायचा आहे,
चौघडी घोंगडीवरून तुम्ही उठताय,
कुणी वरून अलगद उचलावं तसे.
एका हातात माळेचा डबा, दुसऱ्यात समई,
टेकणार कुठला?
एक्क्याऐंशीव्या वर्षापर्यंत.
वर अकरा साष्टांग नमस्कार.
त्यांना व्यायाम म्हटलं असतं
तर त्याच दिवशी बंद केले असतेत.

बेथनीला हे सांगितलं. तिने पेन थांबवलं.
'म्हणजे कसरत ते चोरून करत होते.'
चोरून हा शब्द मला आवडला.
पण गेलातच ना तुम्ही.
स्वादुपिंडाला ना जप कळला, ना जोर.
तेही सांगितलं. यावर ती काही बोलली नाही,
पाण्याची बाटली उघडून माझ्यापुढे धरली.

मग मीच विचारलं, हे सगळं कशासाठी, जास्त जगायला?
'नाही,' ती म्हणाली,
'शेवटच्या वर्षीसुद्धा संडासला एकटीला जाता यावं म्हणून.'
माझी आई सांगलीला निरांजन ओवाळताना
हेच तर मागायची.
चालतीबोलती ने रे बाबा,
कुणाला उचलायला लावू नकोस.
बेथनीने ते
दहा-दहाच्या तीन फेऱ्यांत बसवलंय.

हल्ली पहाटे तुमची घोंगडी मी पसरते.
जप येत नाही. एक, दोन, तीन एवढंच.
गुडघे अजून आपापला अभंग म्हणतात.
आज उठताना उजवा हात टेकला.
डाव्यात तुमचा डबा होता,
तो काही खाली ठेवला नाही.