निव्वळ

कळंबोलीच्या लोखंड बाजारात माझी केबिन पत्र्याची,
काच एका कोपऱ्यात तडकलेली.
साठ टनांचा काटा, रात्रपाळी.
गाडी चढते, आकडा थरथरतो, थांबतो,
मी भरलेलं वजन लिहितो.
माल उतरवून परत आली की रिकामं.
वजाबाकी करून पावतीवर जे उरतं
त्याला निव्वळ म्हणायचं.
एकोणीस वर्षं हा शब्द छापतोय,
अर्थ कधी कुणी विचारला नाही.

खेमा तळोज्याच्या कारखान्यात दुभाषी आहे,
चिनी इंजिनियर आणि आपले फिटर यांच्या मधली.
सुटली की डबा घेऊन इथं येते.
मी जेवतो तोवर एक जुनी चिनी गोष्ट सांगते,
रोज थोडी,
आणि ऐन मोक्याला थांबते:
पुढं काय झालं ते पुढच्या अध्यायात.
त्या लोकांची रीतच आहे म्हणे ही.

डोंगरातल्या खिंडीत जकातनाका.
नाक्यावरच्या अंमलदाराचं नाव
हाक मारली तर साधंच,
कागदावर अक्षरं सुटी केली की वाचायचं ‘धरून ठेव’.
त्यांच्यात नावंच फितूर असतात, बाबा.
एक भिक्खू येतो, खांद्यावर गाठोडं.
तागडीत टाकलं, सात शेर.
सोडून बघितलं, आत काही नाही.
पुन्हा बांधलं, नऊ शेर.
अंमलदार इरेला पेटला.
गावातली सगळी वजनं मागवली,
मग देवळातली घंटा,
मग बायकोच्या बांगड्या.
गाठोडं जडच.
खिंडीत खेचरं तुंबली, मीठ पाझरायला लागलं,
रेशीमवाले शिव्या द्यायला लागले,
अंमलदाराची दाढी पांढरी झाली,
आणि भिक्खू कडेला बसून मुळा खातोय.

मी विचारलं, यात राक्षस कुठाय?
चिनी गोष्टीत असतो ना?
आपल्या बावीस प्रतिज्ञांत तर नाही.
ती म्हणाली, आहे की.
त्यांचा राक्षस बहुतेक वेळा घरचाच निघतो.

शनिवारी शेवट सांगितला.
भिक्खू मुळ्याचा देठ फेकतो, हात झटकतो,
म्हणतो, साहेब,
पारड्यावरचा तुमचा हात काढा.

माझी भाकरी अर्धी राहिली.

भंगारवाल्या झुंबरशेठची गाडी आठवड्याला यायची.
भरलेली तोलताना दोन पोरं मागं उभी,
रिकामी तोलताना तीच पोरं टपरीवर चहाला.
मी त्या वेळी हायवेकडं बघायचो,
हायवेवर बघण्यासारखं काही नसतं.
एकशे दहा किलो माणूस
लोखंडाच्या भावानं गेला, दर खेपेला, दोन वर्षं.
वाशीला क्लास होता तिचा.
चिनी भाषेचा.
फी तीन हप्त्यांत.

आता तिला हे ठाऊक आहे,
का गोष्टच अशी होती, देव जाणे,
म्हणजे देव नाही, प्रतिज्ञेप्रमाणे,
कुणीच जाणत नाही.
तिनं डबा पुसला, पिशवीत घातला,
उद्या मेथी आणू का म्हणाली,
आणि रिक्षा करून कामोठ्याला गेली.

रात्री अडीचला काटा रिकामा
आणि आकडा वीस.
चिखल असतो कधी, कधी मशीनच भरकटतं.
शून्याचं बटण दाबलं की साफ.
बोट बटणावर ठेवलं होतं,
काढलं.
टॉर्च घेऊन बाहेर गेलो.

काट्याच्या मधोमध कुत्री झोपलेली.
दिवसाचं ऊन लोखंड रात्रीपर्यंत धरून ठेवतं,
त्या उबेला आलेली.
पोटाशी चार पिल्लं, एकाचा डोळा अजून मिटलेला.
तिनं मान वर करून उजेडाकडं बघितलं,
परत ठेवली.

पनवेलकडून एक ट्रेलर आला, हॉर्न दिला.
मी हात वर केला.
ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं,
काका, काटा बंद आहे का?
म्हटलं, चालू आहे.
जरा थांब.
आधीचा माल उतरायचाय.