पाचवा बीकर

सुळग्याच्या मळ्यातला बटाटा,
डोळ्यांत लाल माती धरून आलेला,
बाचीच्या बसमध्ये माझ्या डब्याशेजारी बसून
बेळगावात कॉलेजला आला.

आई म्हणाली, सत्तर ग्रॅम साखर?
पाण्यात घालून ओतून देणार?
दोन दिवसांचा चहा झाला असता की.
तरी पुडी बांधून दिली, वर एक चिमूट जास्त,
बाजारात गिऱ्हाइकाला देते तशी.

भोक पाडायची नळी गंजलेली.
भरमाण्णांनी कँटीनची विळी आणून ठेवली.
तराजू शहापूरच्या सराफाकडून उसना:
काल त्यावर कुणाची नथ तोलली असेल,
आज बटाट्याची पट्टी.
दोन पूर्णांक एक ग्रॅम.

माझी जोडीदार नीलव्वा कोप्पद, बैलहोंगलची.
ती कन्नड शाळेतून आलेली, मी मराठी,
आणि ऑस्मॉसिस दोघींच्याही घरचा नव्हे.
तिनं समासात पेन्सिलनं लिहिलं, अभिसरणे.
मी लिहिलं, परासरण.
मग एकमेकींच्या वहीत डोकावलो.
अभिसरण आमच्यात रक्ताचं असतं, मी म्हटलं.
आमच्यात पाण्याचं, ती म्हणाली,
आणि साखर ढवळू लागली.

पाच बीकर. पहिल्यात नुसतं पाणी,
पुढं गोडी चढत जाते,
पॉइंट दोन, चार, सहा, आठ.
दिसायला पाचही सारखेच.
चाखू नये, असं भिंतीवर लिहिलंय.
भरमाण्णांनी पाचव्यात बोट बुडवलं
आणि डोळे मिटले.

दोन तास.
दोन तास बटाट्याकडं बघत बसणं
हे घरी सांगण्यासारखं काम नाही.
काय करूलैस गं?
बघूलोय आई, पाणी कुठं जातंय ते.

टिपकागदावर टिपलं,
भज्यांचं तेल टिपावं तसं.
पाण्यातली पट्टी ताठ,
वाकवली तर कट्कन मोडेल.
चौथीतली बोटावर लोंबली
ओल्या वातीसारखी.
खरं, आईला हे ठाऊक आहे.
काकडीला मीठ लावून ती उगीच थांबत नाही.
आकडे तेवढे तिच्याकडं नाहीत.

आलेखावर रेषा उतरत आली
आणि पॉइंट तीनच्या जरा अलीकडं
शून्य ओलांडून खाली गेली.
तिथं वजन वाढत नाही, घटत नाही.
म्हणजे तिथं काही होतच नाही, मी म्हटलं.

तिगडी मॅडम चष्मा पुसायच्या थांबल्या.
तुझ्या गावावरून रस्ता शिनोळीला जातो ना?
दिवसभरात जितके टेम्पो पलीकडं गेले
तितकेच अलीकडं आले,
तर संध्याकाळी मोजणारा काय लिहील?
शून्य, मॅडम.
आणि रस्ता?

मी रस्ता आठवला.
धूळ खाली बसायलाच तयार नसते तिथं.

राहिला पाचवा.
सगळ्यांत गोड पाणी, सगळ्यांत जास्त घट हवी.
तर ही चौथीपेक्षाही कमी.
ठिपका रेषेच्या वर, एकटाच.
नीलव्वा हळूच म्हणाली, रबर आहे माझ्याकडं.

मी पट्टी उलटी केली.
एका अंगाला साल राहून गेलेली,
विळीवर माझीच घाई.
तपकिरी, कागदाहून पातळ,
एका खळीत अजून सुळग्याची माती.
पट्टी गराकडं वाकली होती,
साल बाहेरच्या अंगाला, सरळ राहू बघणारी.

ठिपका तसाच ठेवला.
शेऱ्याच्या रकान्यात नीलव्वानं कन्नडमधून सुरुवात केली,
मी मराठीतून,
दोन्ही खोडली,
मग मोडक्या इंग्रजीत दोघींनी मिळून लिहिलं
की पाचव्या तुकड्याची साल काढायची राहिली.

मॅडमनी सही केली.
खाली लाल शाईनं: पाचवा पुन्हा करा.

सराफाचं पारडं पुसताना बोटं चिकटली.
दारात भरमाण्णा उरलेला बटाटा मागत उभे,
आणि मी मनात हिशेब मांडत होते:
उद्यासाठी सत्तावीस ग्रॅम.
आईला काय सांगू.