आजची तारीख

चाळीस डबे आले तेमा बंदरातून,
मीठ लागलेले, एकमेकांत कोंबलेले.
पाठीवर अजून कुठल्याशा विमा कंपनीची चिठ्ठी:
मजला तिसरा, मेज अकरा.
नखाने खरवडतो, गोंद जात नाही.
राहू दे.
माझ्याही गालावर लहानपणी कोरलेली खूण आहे,
तिच्यावरून कुणी माझी किंमत करत नाही.

झाकण काढलं की आत परदेशी धूळ,
करडी, मऊ, उशीतल्या कापसासारखी.
तमालेची धूळ लाल. ती दारात उभी,
आता माझी पाळी म्हणत.
सायकलच्या पंपाने मी एकीला हाकलतो
आणि दुसरीसाठी जागा करतो.

चाळिसातले तेरा मेलेलेच होते.
त्यांची मेमरी काढून जिवंतांना दिली.
टियुम्बा म्हणाली, काका, हे बरोबर आहे का?
म्हटलं, तुझ्या पायातली चप्पल आधी कुणाची होती?
थोरलीची, म्हणाली, आणि हसली.

मग पेनड्राइव्ह लावतो.
परवाना नाही, किल्ली नाही.
ज्यांनी लिहिलं त्यांनी सांगूनच ठेवलंय:
घ्या, उघडून बघा, बदला, पुढे द्या.
पाणपोईच्या रांजणावर नाव असतं का कुणाचं?
असलंच तरी ओंजळ भरताना कोण वाचतं.

अडलं ते बटणाएवढ्या सेलपाशी.
आतलं घड्याळ त्याच्यावर चालतं.
सत्तावीस सेल, एकेक सहा सेडीला,
आणि पैसे सगळे ट्रकवाल्याने नेलेले.
सेलविना प्रत्येक यंत्र सकाळी जागं होतं
ते एक जानेवारी दोन हजार तीनमध्येच.
रोज तेच नवं वर्ष.
काल शिकलेलं आठवतं त्याला,
काल कधी होता ते आठवत नाही.

येंडीच्या वाटेवरच्या शाळेत हे ओशाळून सांगितलं.
मास्तरांचं नाव सुग्लो, आमच्या भाषेत धीर.
ते मोटरकिंगवरून मॉनिटर उतरवत राहिले,
एक, दोन, नऊ,
मग म्हणाले, मुलं सांगतील की.

परवा गेलो होतो, एक पंखा कुरकुरतोय म्हणून.
कुलूप उघडायच्या आधीच कडुनिंबाखाली रांग.
वुनपिनी, वय वर्षं आठ, आज तिचा मान.
तिने हात फ्रॉकला पुसले.
पडद्यावर दोन हजार तीन,
तिच्या आईच्या लग्नाच्याही आधीचं.
एका बोटाने, जिभेचं टोक बाहेर काढून,
आकडे हुडकत हुडकत
तिने त्याला वर्ष सांगितलं,
महिना सांगितला.
दिवसापाशी थबकली.
माझ्याकडे वळून विचारलं, आज किती?
मलाही पटकन आठवेना.
खिडकीबाहेरून कुणीतरी ओरडलं,
चौदा!