पारा

पावियात फेब्रुवारी. खोलीत शेगडी नाही,
थंडीतच प्रेतं टिकतात.
मी काच तापवून सुई ओढतो,
माशीच्या सोंडेहून बारीक. एवढंच माझं काम.

टेबलावर बर्तोल्दो, तिचिनो नदीवरचा नावाडी.
जिभेला हाड नसतं, याच्या जिभेला तर सुकाणूही नव्हतं.
पोरं दोन्ही काठांवरून चिडवायची,
आणि याचा पारा चढायचा.

आज खराच चढवतोय,
जिभेच्या डाव्या कडेतून, थेंब थेंब.
डॉक्टर ओंदेदेई श्वास धरून.
रक्ताच्या वाटा नव्हेत या;
मागून ढकलायला काळीज नाही,
नुसत्या झडपा, एकाच बाजूला उघडणाऱ्या.
चंदेरी मणी सरकला, अडला, सरकला,
आणि जबड्याखाली
घेवड्याच्या दाण्याएवढी गाठ उजळली.

ताप आला की आई इथेच बोट दाबायची,
अवधाण आलंय का बघायला.

टॉन्सिल मात्र कोरे. घशाच्या दारात
दोघे पहारेकरी, पाऱ्याला ओळख न देणारे.
"इथून जाणारी वाट आहे," डॉक्टर पुटपुटले,
"येणारी सापडत नाही."

शेवटची सुई जिभेच्या मुळाशी, डावीकडेच.
पारा निघाला,
मधली रेघ ओलांडली,
आणि उजव्या मानेत खोल उतरला.

"सुई चुकली," डॉक्टर माझ्यावर ओरडले.

चुकली नव्हती.
चाळीस वर्षं दुसरं काय केलं होतं त्याने?

मी बोललो नाही.
पुरातल्या एका खेपेचे
दोन सोल्दी
अजून माझ्याकडेच आहेत.