सांधा

कोंताजेंच्या चौदा मजली नव्या इमारतीत
मी न्हाणीघरांच्या फटी बुजवते.
नळीचं टोक तिरकं कापायचं, बंदूक धरायची,
टब आणि टाइलच्या मधून एक पांढरी रेघ ओढायची
श्वास न सोडता,
मग साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट तिच्यावरून फिरवायचं.
दिवसाला अकरा न्हाणीघरं.
पाणी कुठे मुरतंय ते शोधणारे लोक वेगळे असतात,
ते नंतर येतात, आणि जास्त पैसे घेतात.

सिलिकॉनबद्दल मला कुणी शिकवू नये.
दिलेला शब्द ते पाळतं.
नखांच्या कडेला बसलं
की रविवारपर्यंत हलत नाही.

आणि तरी तेवीस वर्षं
डोक्याला लावायच्या बाटलीमागची बारीक अक्षरं
मी वाचली नव्हती.
वाचली ती भाचीनं, झुलेइकानं,
बसथांब्यावर, माझ्याच पिशवीतून काढून:
"मावशी, शेवटी 'कोना' येतं ना, ते सगळं
तुझ्या कामावरचंच."
कोना! दिवसभर मी दुसरं काय भरते?
"एकच नसेल गं," मी म्हटलं, "चुलतभावंडं असतील."
पण बस येईपर्यंत बाटली परत पिशवीत टाकली नाही,
हातातच धरून उभी राहिले.

ओदेते, माझे केस कापणारी, म्हणाली,
दोन महिने वाईट जातील.
एकदा कडक शाम्पूनं सगळं खरवडून काढायचं,
मग वाट बघायची.
कसली?
तुझ्या केसांची.
ते कसे आहेत?
तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं
आणि कात्री पुसायला घेतली.

अकराव्या वर्षापासून मी त्यांना भेटलेले नाही.
शाळेच्या फोटोआधी आईनं ते ओले करून चापून बसवले होते,
फोटोत कपाळ एवढं मोठं दिसतं
की त्यावर कुणी गृहपाठ लिहावा.
मग औषधं आली, इस्त्री आली, शेवटी ही बाटली:
ती सगळ्यांत मवाळ, ती हात फिरवल्यासारखी.
तिनं केसानं गळा कापला असं मी म्हणणार नाही.
जितकं सांगितलं तितकं तिनं केलं.

गेल्या महिन्यात नऊशे तीनमध्ये
जुनं सिलिकॉन ब्लेडनं सोलून काढलं.
वर पांढरंशुभ्र, खाली काळी बुरशी, ओला वास.
मला वाटलं, झालं, मिळालं उत्तर.
नऊशे चारमध्ये तेच सिलिकॉन, तितकंच जुनं,
खाली सांधा कोरडा ठक्क,
गवंड्याच्या बोटाचा ठसासुद्धा शाबूत.
दोन्ही घरांत मी तेवढाच वेळ उकिडवी बसले होते.

शिवाय अर्धी बाटली उरली आहे.
एकोणतीस रियाल दिलेत.
अर्धी बाटली टाकून देणाऱ्या घरात मी वाढले नाही.
शिवाय वीस तारखेला जिस्लेनचं लग्न,
आणि तिचा दीर फोटोग्राफर.

शनिवारी रात्री मी एवढंच केलं:
डाव्या कानामागची एक बट वेगळी काढली,
करंगळीएवढी,
नारळाच्या साबणानं दोनदा धुतली
आणि तिला काहीच लावलं नाही.
बाकीच्या डोक्याला नेहमीचं.
आरशात फरक केसभरही दिसेना.

सोमवारी हेल्मेट चढवताना बोट तिला लागलं.
खरखरीत, हलकी,
स्वतःभोवती दीड वेढा घेऊन बसलेली,
जणू कुणी हाक मारल्यावर मान वळवावी.
मी हात काढला. परत लावला.
मुकादम जोर्डेलिनो म्हणाला, "डोकं दुखतंय का?"
नाही म्हटलं.

दुपारी बाराव्या मजल्यावर, खिडक्या अजून बसल्या नव्हत्या,
घाम मानेवरून उतरला, बाकीच्या केसांवरून निसटून गेला,
आणि त्या एका बटेत
थांबला.
फुगली ती. आत गेलं पाणी.
हातात बंदूक, समोर उघडा सांधा,
आणि मी कानामागे बोट घालून उभी.

घरी आल्यावर बाटली उलटी करून ठेवली आहे.
उरलंय ते टोपणाकडे उतरतंय, सावकाश.
आज सात तारीख.